आईचं चालेल

“हे कुणी ठरवलं?” मी विचारलं.

निशी काउंटरवर वाकून सह्या करत होता. निशी म्हणजे निशिकांत, माझा धाकटा भाऊ. त्याने मान वर केली नाही. “काय?” म्हणाला. ऐकू आलं नाही असं दाखवायची त्याची लहानपणापासूनची खोड आहे.

“खोल्यांचं. हे कुणी ठरवलं?”

काउंटरवर दोन किल्ल्या ठेवल्या होत्या. एकीला लाकडाचा निळा मासा बांधलेला, दुसरीला लाकडाचंच हिरवं पान. मासा म्हणजे समुद्रासमोरची कॉटेज आणि पान म्हणजे मागे बागेकडची खोली, हे काउंटरमागच्या मोंडल नावाच्या माणसाने नुकतंच समजावून सांगितलं होतं. “कॉटेज सर और मॅडम का,” तो म्हणाला होता, “और फॅमिली रूम माताजी, दीदी और बच्चों का. एक्स्ट्रा गद्दा डलवा दिया है.” दीदी म्हणजे मी. आणि गादी जमिनीवर घालायची होती, हेही त्याने हाताने दाखवलं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हॅवलॉक बेटाच्या धक्क्यावर आमची बोट लागली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. अंगाला मीठ चिकटलेलं, निशीचा कबीर बोटीत ओकलेला, त्याची बहीण रेवा नारळपाण्यासाठी मुसमुसतेय, आणि वर हे.

आईला जाऊन आता सहा वर्षं झाली. तरी त्या दुपारचा विषय निघाला की निशी आणि मी अजून भांडतो. तो म्हणतो, तू तमाशा केलास. केलाच मी. नाकारत नाही.

ट्रिप आईची होती, हे लक्षात ठेवा. आईला सत्तरावं लागलं म्हणून अंदमान. निशीने फोनवर ग्रुप काढला, त्याचं नावच ‘आईची सत्तरी’. ग्रुपमध्ये निशी, त्याची बायको शर्वरी, मी आणि आई. तीन महिने त्यावर एकच विषय, राहायचं कुठे. निशी पुण्यातून फोटो पाठवायचा, मी मिरजेहून त्यात खोड काढायची. एक जागा टेकडीवर होती, तिथे बावन्न पायऱ्या. आईच्या गुडघ्यांचं काय? दुसरी अगदी बाजारात, म्हणजे आपल्या एसटी स्टँडसमोर राहिल्यासारखंच. तिसऱ्या जागेला पोहण्याचा तलाव होता. समोर अख्खा समुद्र असताना तलाव कशाला पाहिजे, हे मला निशी आजतागायत समजावू शकलेला नाही. शेवटी ही जागा मिळाली. नारळाच्या झावळ्यांची छपरं, पायऱ्या नाहीत, पलंगावरून समुद्र दिसतो. दोन कॉटेज समुद्रासमोर घ्यायच्या, एका कॉटेजमध्ये निशी-शर्वरी-मुलं आणि दुसऱ्या कॉटेजमध्ये आई आणि मी, असं लेखी ठरलं होतं. ग्रुपवर आहे अजून.

आईने या सगळ्यावर काय लिहिलं? प्रत्येक फोटोखाली एकच शब्द. चालेल. बावन्न पायऱ्यांखालीही चालेल.

आता आईचं ‘चालेल’ हा काय प्रकार होता ते सांगायला पाहिजे. लोकांना वाटायचं, बाई स्वभावाने गरीब आहे, कशालाही हो म्हणते. तसं नव्हतं. तीन चालेल होते. नुसतं आखूड ‘चालेल’ म्हणजे मला फरक पडत नाही. ‘चालेल की’ म्हणजे मनापासून आवडलंय. आणि ‘चालेल’ म्हणून झाल्यावर पदराने तोंड पुसलं, की समजायचं, अजिबात चालणार नाही पण तुम्ही काय माझं ऐकणार आहात. ती निशीकडे पुण्याला राहायची, पण नऊ वर्षांत तो यातलं एकही ओळखायला शिकला नाही. मला मात्र तिन्ही पाठ होते. फोनवर पदर दिसत नाही, तरी मला ऐकू यायचा. आईला मी ओळखते, याचा मला फार तोरा होता.

निघायच्या आदल्या आठवड्यात तिचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि म्हणाली, “विदू, तिथल्या खोल्यांना आतून कडी असते का गं?”

“असते की. का?”

“काही नाही, सहज.”

“घाबरतेस काय तू? परका मुलुख आहे म्हणून? मी आहे ना खोलीत तुझ्याबरोबर.”

मग म्हणाली, “चालेल.” आखूडवालं. मी निश्चिंत झाले.

तर काउंटरवर मी उभी आणि निशी शेवटी मान वर करून म्हणाला, “ताई, इथे नको. लोक बघतायत.”

“बघू देत. दोन समुद्राकडच्या ठरल्या होत्या. एक कुठे गेली?”

“अगं, मुलांना आजीशिवाय झोप लागत नाही. तुला माहितेय. कबीर तर तिचा कान धरून झोपतो. एका कॉटेजमध्ये चौघं मावत नाहीत, म्हणून ती मोठी खोली घेतली. आईला विचारलं मी.”

“काय विचारलंस?”

“बागेकडची चालेल का म्हणून. चालेल म्हणाली.”

“आणि पदर?”

“कसला पदर?”

कपाळ माझं. “निशी,” मी म्हणाले, “पुण्यात ती तुझ्या पोरांच्या खोलीत झोपते. एक पाय रेवाचा अंगावर, एक हात कबीरचा कानावर. ते करायला तिला विमानाने आणि बोटीने इथवर आणायची काय गरज होती? सत्तरी तिची आहे की तुझी?”

शर्वरी इतका वेळ कबीरचा शर्ट बदलत होती. ती तिथूनच म्हणाली, “ताई, एक बोलू? रागावू नका.”

“बोल.”

“लग्नाला अकरा वर्षं झाली. आम्ही दोघं दार लावून एका खोलीत चार दिवस राहिलोय, असं मला आठवत नाही. आधी बाबांचं आजारपण होतं, मग मुलं. मीच म्हटलं ह्यांना, की बघा जमतं का. चूक असेल तर माझी आहे.”

हे तिने इतकं सरळ सांगितलं की दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मी बसले नाही. राग आला की माझी जीभ माझी राहत नाही. “तुला हनिमूनला यायचं होतं तर दोघंच यायचं,” मी म्हणाले. “सासूला आया म्हणून कशाला आणलंस?”

शर्वरीचं तोंड उतरलं. निशीने पेन काउंटरवर आपटलं. “तोंड सांभाळून बोल, ताई. वर्षाचे बारा महिने आईला आम्ही सांभाळतो. तू दिवाळीला पंधरा दिवस नेतेस आणि वर आम्हाला अक्कल शिकवतेस.”

“तुम्ही तिला सांभाळता की ती तुमचं घर सांभाळते?”

मोंडल बिचारा कधी माझ्याकडे बघतोय, कधी निशीकडे. मराठी त्याला कळत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. “दीदी,” तो म्हणाला, “आप लोग पहले आराम से बैठ के डिसाइड कर लीजिए. डाब लाऊं, नारियल पानी?”

“डाब नको,” मी म्हणाले. “दूसरा सी-फेसिंग कॉटेज खाली है क्या, वो बोलो.”

त्याने वही उलटली. एका जोडप्याची बोट रद्द झाली होती, कॉटेज चार दिवस रिकामी होती. “है,” तो म्हणाला. म्हणजे होती. असूनही माझ्या भावाने विचारलेलं नव्हतं. मी हात पुढे केला. त्याने दुसरा निळा मासा माझ्या हातात ठेवला आणि हिरवं पान मी त्याच्याकडे सरकवलं. निशी काही बोलायला गेला, पण शर्वरीने त्याचा दंड धरला.

जिंकले मी. खरं सांगते, तेवढ्या उकाड्यात अंगावरून गार वारा गेल्यासारखं वाटलं. लहानपणापासून निशीला मोठा घास आणि मला उरलेला, हे मी बघत आले. पण हा हिशेब माझा नव्हता, आईचा होता, असं मी मनाशी म्हणत होते. पलंगावर पडून तिला समुद्र दिसेल. मी तिच्या पायाला तेल लावीन. आम्ही दोघी बोलत पडू, मिरजेला माझ्याकडे आली की पडतो तशा.

“चल आई,” मी मासा वर धरून म्हणाले. “आपली कॉटेज समुद्रासमोर.”

आई खांबाजवळच्या वेताच्या खुर्चीत बसली होती. भांडण चालू असताना ती एकदा उठून मागे संडासाला जाऊन आली होती, तेवढीच. पर्स मांडीवर, चपला काढून पाय थंडगार फरशीवर टेकवलेले. ती उठली नाही. माझ्या हातातल्या माशाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. ती मोंडलला म्हणाली, “भैया, वो पीछे का छोटा खोली किसका है?”

आईचं हिंदी मिरजेचं. मोंडलला दोनदा सांगावं लागलं. मग तो म्हणाला, “वो? पंप के बगल में? वो तो सिंगल है, माताजी. पहले डाइविंग सिखाने वाला मास्टर रहता था. अभी खाली है. लेकिन उधर से समुंदर नहीं दिखता.”

“अंदर से कडी है?”

“क्या है?”

आईने उठून हवेत कडी सरकवून दाखवली. खाट्, असं तोंडाने म्हणालीसुद्धा.

“कुंडी? हाँ, कुंडी है.”

“तो वो मेरे को देव,” आई म्हणाली.

पहिला निशी बोलला. “आई, काहीतरीच काय? पंपाशेजारी? तिथे समुद्र नाही, काही नाही. ड्रायव्हरला देतात असल्या खोल्या.”

“समुद्र दिवसभर बघेन की. तो कुठे जातोय?”

“आई,” मी म्हणाले, “या दोघांनी तुला अवघडल्यासारखं केलंय का? तसं असेल तर स्पष्ट सांग. मी आहे इथे. मी तुझ्यासाठी एवढं भांडले.”

“भांडलीस खरं,” आई म्हणाली. “पण मला कुणी विचारलं?”

“तू ग्रुपवर चालेल म्हणालीस ना प्रत्येक वेळी.”

“म्हणाले. तुम्ही विचारलंत, इथे चालेल की तिथे चालेल. कुणाबरोबर झोपणार, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. निशीने मला मुलांना वाटून टाकलं आणि तू स्वतःला.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. आईचा आवाज कधी चढायचाच नाही, त्यामुळे तिच्याशी भांडता यायचं नाही, आणि त्याचाही मला संताप यायचा.

“माहेरी आम्ही सहा बहिणी एका खोलीत,” ती म्हणाली. “कूस बदलायची तर सगळ्यांनी बदलायची. सासरी आले तर दोन नणंदा होत्या. मग तुम्ही दोघं. तुमचे बाबा अंथरुणाला खिळले, तर आठ वर्षं त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर, एक कान जागा ठेवून. आता मुलं. सत्तरावं लागलं मला, विदू. खोलीत मी एकटी आणि दाराला आतून कडी, अशी मी एकदाही झोपलेले नाही. कसं लागतं ते मला बघायचंय.”

शर्वरीने मान खाली घातली. निशी किल्लीच्या माशाशी चाळा करत होता. मी गप्प बसायला पाहिजे होतं. नाही बसले.

“मुलांचं समजू शकते,” मी म्हणाले. “लाथा मारतात. पण मी, आई? माझ्याकडे दिवाळीला येतेस तेव्हा आपण दोघीच असतो. किती छान बोलत पडतो आपण.”

आईने माझ्याकडे बघितलं. काय सांगावं आणि काय नाही, याचा तिने जरा विचार केला असणार. मग सांगूनच टाकलं.

“तू बोलतेस गं. एक-एक वाजेपर्यंत. तुझ्या लॅबमधलं, शेजारच्या बाईंचं, निशीच्या तक्रारी. मी नुसतं हं हं करते. मला झोप येत असते.”

तोंडात मारल्यासारखं झालं. पंधरा पंधरा दिवस, कितीतरी दिवाळ्या. वर्षभर मी जे कुणाशी बोलत नव्हते ते सगळं साठवून ठेवायची आणि तिच्या शेजारी पडून ओतायची. मला वाटायचं, तीही त्याचीच वाट बघत असते. रडू यायच्या आधी मला राग येतो. तसाच आला.

“मग सांगायचंस ना,” मी ओरडले. “एवढी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं? चालेल, चालेल. आम्ही काय मनकवडे आहोत?”

“माझंच चुकलं,” आई म्हणाली. “म्हणून आज सांगतेय.”

मग तिने पायात चपला सरकवल्या, पर्स खांद्याला लावली आणि एखाद्या बाईने घरातली भांडी लावावीत तसं आम्हा सगळ्यांना जागेवर लावून टाकलं. “निशी, तू आणि शर्वरी तुमच्या कॉटेजमध्ये जा. शर्वरी बरोबर बोलत होती, तिला उगाच बोललीस, विदू. मुलं तुझ्याकडे राहतील. तुझ्याकडे मोठा पलंग आहे.”

“माझ्याकडे?”

“आत्या आहेस की त्यांची. कबीरला कान लागतो झोपताना, तेवढं लक्षात ठेव.” आणि मग तिने, माझ्या आठवणीत पहिल्यांदा, तो शब्द प्रश्न करून आमच्यापुढे ठेवला. “चालेल ना तुला?”

नाही म्हणायचं होतं मला. मी आले होते आईबरोबर राहायला, दुसऱ्याची पोरं झोपवायला नाही. पण मघाशी मोठमोठ्याने मीच विचारलं होतं, सत्तरी कुणाची आहे म्हणून. सगळ्यांनी ऐकलं होतं.

“चालेल,” मी म्हणाले. आणि माझा हात आपोआप ओढणीकडे गेला, तोंड पुसायला. आईच्या ते लक्षात आलं. ती हसली नाही, पण तिला हसू आलं होतं.

तिची बॅग मीच नेली. निशी पुढे झाला तर त्याच्या हातातून हिसकावून घेतली, कारण कुणावर तरी राग काढायचाच होता. खोली म्हणजे खरंच खुराडं होतं. एक लोखंडी खाट, एक खिडकी, खिडकीबाहेर पपईचं झाड आणि पंपाची घरघर. भिंतीवर त्या डाइविंग मास्टरने ठोकलेला एक खिळा. आई आत जाऊन मधोमध उभी राहिली. खाटेवर हात फिरवला. खिळ्याला पर्स अडकवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ये आता.” मराठीत ‘ये आता’ म्हणजे जा.

मी बाहेर पडले. दार लागलं आणि कडी सरकली. गंजलेली होती, एका झटक्यात बसली नाही. आईने दोनदा जोर लावला.

माझ्या कॉटेजमध्ये पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवले होते, चोचीला चोच लावून. कबीरने एक उलगडून अंगावर घेतला, रेवाने दुसऱ्यावर उडी मारली. समोर समुद्र होता. फोटोत दिसत होता तसाच हिरवानिळा, एक इंचही खोटा नव्हता. दाताखाली खडा यावा तसा तो मला लागत होता. चार दिवस तो समोर असणार होता आणि चार दिवस मी धुमसत राहणार होते, निशीवर, शर्वरीवर, आणि सगळ्यात जास्त आईवर. मिरजेला माझ्या घरी मी रोज आतून कडी लावून एकटी झोपते. वीस वर्षं झोपतेय. ते मला सुख वाटायचं नाही, शिक्षा वाटायची, आणि हिने ते वाढदिवसाला मागून घेतलं.

साडेचारला मुलं शर्वरीबरोबर पाण्यात गेली. मी मोंडलकडून दोन कप चहा घेतला, एक आईचा, आल्याचा, बिनसाखरेचा. मनात होतं, आता तिची झोप झाली असेल. दार उघडेल. पायरीवर बसू, मी माफी मागीन किंवा ती मागेल, आणि निदान अर्धा तास बोलू. काय काय बोलायचं तेही मी येता येता जुळवलं होतं.

दारापाशी आले. पंप बंद झाला होता, त्यामुळे आतली शांतता ऐकू येत होती. मी हलकेच टकटक केलं.

“कोण आहे?”

“मी. विदू.”

“काही काम होतं का?”

“चहा आणलाय.”

आत खाट करकरली. मला वाटलं उठली. पण ती फक्त कुशीवर वळली असावी, कारण पावलांचा आवाज आलाच नाही.

“ठेव पायरीवर,” आई म्हणाली.

“गार होईल, आई.”

“चालेल की,” ती म्हणाली.

मी कप पायरीवर ठेवला, त्यावर बशी झाकली आणि माझा कप घेऊन परत फिरले.